मडगार्ड बसवताना

मंडळी, आपल्या वैरागची काळी माती पावसात चाकाला कशी चिकटते, हे तुम्हांला सांगायला नको. म्हणून मडगार्ड हवेच.

माझ्या नातवाच्या सायकलीला डिस्क ब्रेक आहे. चाकाच्या मध्याशी पोलादी चकती असते. ब्रेक तिला चिमटा घेतो. पुढची डावी सळई त्या ब्रेकला अडली. मी ती दाबून वाकवली. बार्शी रस्त्याला सळई तारांत गेली, पोरगं तोंडावर पडलं. चूक माझी.

मग लांब बोल्ट घेतला. मध्ये वायसर घालून सळई ब्रेकच्या बाहेरून नेली. टायरवर बोटभर जागा ठेवली, म्हणजे चिखल अडकत नाही. चकतीला तेलाचा हात लावू नका. ब्रेक धरत नाही.

शेवटी चाक फिरवून ऐका. खरखर आली, तर पोराला सायकल देऊ नका.