चित्रांची बेगमी

उन्हाळ्यात घरोघरी पापड-कुरडया वाळत घालतात. मी प्राथमिक शाळेत शिक्षक होतो आणि मे महिन्याच्या सुट्टीत आणखी एक बेगमी करीत असे. ती चित्रांची.

सायक्लोस्टाइलच्या काळात मेणाच्या स्टेन्सिलवर टोकदार लेखणीने चित्र काढावे लागे. प्रती काढता काढता स्टेन्सिल खराब होई आणि त्याबरोबर चित्रही जाई. पुढच्या वर्षी तीच विळी, तेच सूप पुन्हा काढायचे. गावात झेरॉक्स आले आणि मूळ चित्र हाती राहू लागले. तेव्हा ठरवले, एक वस्तू एकदाच काढायची, पण समोर ठेवून, नीट पाहून. आणि ती जपायची.

तुम्ही म्हणाल, तयार चित्रे मिळत असताना हा खटाटोप कशाला? त्या तयार चित्रांतल्या घराला बहुधा धुराडे असते. तसे घर मी एकदा पहिलीच्या वर्गात दाखवले, तर एका मुलीने विचारले, "गुरुजी, हा साखर कारखाना का?" तिचे काय चुकले? तिने धुराडे पाहिले होते ते कारखान्याचेच. श्रोतेहो, ज्या मुलाला अक्षर नवे आहे, त्याला चित्र तरी ओळखीचे हवे. नाहीतर एकाऐवजी दोन कोडी त्याच्यापुढे पडतात.

माझी रीत साधी होती. पोस्टकार्डाएवढा जाड पांढरा कागद, पाण्याने न पसरणारी काळी शाई आणि नुसती रेघ. पेन्सिलीच्या करड्या छटांचे झेरॉक्समध्ये डाग होतात. ठळक रेघ स्वच्छ उमटते. एका कार्डावर एकच वस्तू, मागे तिचे नाव आणि तारीख, मांडणी अकारविल्हे. बैल वेगळा, गाडी वेगळी, नांगर वेगळा. मग तोच बैल आज गाडीला जुंपावा, उद्या नांगराला. आता ही कार्डे ६०० डीपीआयवर स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवली आहेत.

आणखी एक सोय म्हणजे कुणाची परवानगी मागावी लागत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. वर्गात शिकवण्यापुरती शिक्षकाला सवलत आहे. पण दुसऱ्याच्या चित्रांची पुस्तिका छापून विकायची, तर त्याला विचारायलाच हवे.

निवृत्तीनंतर माझी पेटी मी एका तरुण शिक्षिकेला दिली. तिने पहिल्याच महिन्यात 'जाते' आणि 'मोट' बाजूला काढून ठेवली. म्हणाली, "गुरुजी, मुलं ओळखत नाहीत." मिक्सर पाहिलेल्या मुलाला जाते म्हणजे धुराड्याचे घरच की! तिने आता कुकर, गॅसची टाकी, मोबाइलचा टॉवर अशी स्वतःची कार्डे घातली आहेत. जुनी कार्डे ती आजी-आजोबांच्या गोष्टींच्या वेळी काढते.

तुमच्या घरी अक्षरे गिरवणारे मूल असेल, तर आठवड्याला एक कार्ड काढून पाहा. रेघ थोडी वाकडी आली तरी हरकत नाही. मुलाने पाहताक्षणी वस्तूचे नाव सांगितले की चित्र साधले.