जागरण म्हणजे सेवा नव्हे



विशेष शिक्षण घेणाऱ्या तरुण डॉक्टरास 'निवासी' म्हणतात, कारण एकेकाळी तो खरोखरच रुग्णालयात निवास करीत असे. ही पद्धत १८८९ नंतर अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. विल्यम हॉल्स्टेड यांनी रुजविली. अहोरात्र उपस्थिती ही तेथे निष्ठेची खूण मानली गेली. पुढे जगाने ती पद्धत उचलली आणि जागरणाचा आदर्शही.

त्या आदर्शाला पहिला हादरा बसला तो न्यूयॉर्कमध्ये. १९८४ साली लिबी झायन ही १८ वर्षांची तरुणी रुग्णालयात दाखल झाल्यावर काही तासांतच दगावली. तिच्यावर उपचार करणारे शिकाऊ डॉक्टर दीर्घ पाळीवर होते. पत्रकार असलेल्या तिच्या पित्याने लढा दिला. १९८९ मध्ये त्या राज्यात आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. २००३ मध्ये ती देशभर लागू झाली. २००४ साली बोस्टनमध्ये अतिदक्षता विभागांतील अभ्यास प्रसिद्ध झाला. लांबलचक सलग पाळ्या करणाऱ्या इंटर्नच्या हातून गंभीर चुका ३६ टक्क्यांनी अधिक घडत होत्या.

युरोपीय संघाचे ४८ तासांचे बंधन ब्रिटनमधील शिकाऊ डॉक्टरांना २००९ पासून लागू झाले. जपानने २०२४ मध्ये डॉक्टरांच्या जादा कामाला वर्षाला ९६० तासांची मर्यादा घातली. परंतु प्रशिक्षणार्थींना १,८६० तासांपर्यंत राबविण्याची वाटही मोकळी ठेवली.

आणि आपण? १९९२ च्या केंद्रीय निर्देशात आठवड्याला ४८ तास नमूद होते. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिगटाने ७४ तासांहून अधिक काम नको, असे सुचविले. ३२ वर्षांनी मर्यादा वाढवून मागावी लागते, यातच कागद आणि वॉर्ड यांमधील अंतर दिसते.

या अंतराकडे आपण सेवाभावाच्या नावाखाली डोळेझाक करतो. वस्तुतः चरकाचार्यांनी निद्रेला आहाराच्या बरोबरीने शरीराचा उपस्तंभ मानले आहे. वैद्याचे शरीर त्याला अपवाद कसे असेल? रित्या जागा भरणे, पाळ्या आखणे आणि पाळी बदलताना रुग्णाची माहिती नीट सोपविणे हे शासनाचे व रुग्णालयांचे काम आहे. त्याचा आग्रह धरणे हे समाजाचे. रात्री वॉर्डात डॉक्टरवर आवाज चढविण्यापूर्वी नातेवाइकांनी एवढेच विचारावे, हा शेवटचा झोपला कधी? कारण त्या उत्तरावर आपल्याच माणसाचे प्राण अवलंबून असतात.