इराणची अणुमहत्त्वाकांक्षा : धोका आणि प्रतिकार



२२ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या सात बी-२ विमानांनी इराणमधील फोर्दो आणि नतांझ येथील अणुकेंद्रांवर चौदा महाकाय बॉम्ब टाकले. एकेका बॉम्बचे वजन साडेतेरा हजार किलोंहून अधिक. डोंगराच्या पोटात शिरून मग फुटावा अशी त्याची रचना. इस्फहानच्या केंद्रावर पाणबुडीतून क्षेपणास्त्रे डागली गेली. त्याआधी १३ जूनपासून इस्रायलचे हल्ले सुरूच होते. २४ जूनला युद्ध थांबले आणि प्रत्येक पक्षाने आपल्या विजयाची द्वाही फिरवली.

परंतु या सर्व धामधुमीत एक साधा प्रश्न अनुत्तरितच राहिला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार हल्ल्यांच्या वेळी इराणजवळ साठ टक्क्यांपर्यंत समृद्ध केलेले सुमारे ४४० किलो युरेनियम होते. ते गेले कोठे? हल्ल्यांनंतर निरीक्षकांना देश सोडावा लागला. इराणच्या संसदेने संस्थेशी सहकार्य स्थगित करणारा कायदा केला. नोव्हेंबर २०२५ च्या अहवालातही संस्थेला हा साठा पडताळून पाहता आला नसल्याचे नमूद करावे लागले. बॉम्बने भिंती पडल्या, यंत्रे मोडली. पण मोजदाद मात्र हातची गेली. इराणच्या अणुप्रश्नाचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे.

टक्केवारीचे गणित

साठ टक्के म्हणजे किती, हे समजून घेणे आवश्यक आहे. खाणीतून निघालेल्या युरेनियमच्या हजार अणूंमध्ये उपयोगाचे अणू जेमतेम सात असतात. धान्य सुपात घेऊन पाखडावे, तसे सेंट्रिफ्यूज नावाची अतिवेगाने फिरणारी यंत्रे नको असलेले अणू दूर सारतात. सात कामाच्या दाण्यांभोवतीचा कोंडा काढत काढत एकूण दाणे १७५ वर आणले की चार टक्क्यांचे, वीजनिर्मितीच्या अणुभट्टीला चालणारे इंधन तयार होते. ३५ दाणे उरले की वीस टक्के, बारा उरले की साठाच्या जवळपास आणि आठ उरले की बॉम्बसाठी लागणारे नव्वद टक्के. हजारातून पस्तीसपर्यंत येताना ९६५ दाणे पाखडावे लागतात. पस्तीसातून आठांवर येण्यास अवघे २७. साठ टक्क्यांवर पोहोचलेला देश शिखराच्या अगदी शेवटच्या पायरीवर उभा असतो, तो याच अर्थाने. संस्थेच्या मापाप्रमाणे साठ टक्क्यांचे सुमारे ४२ किलो युरेनियम आणखी समृद्ध केले तर एका बॉम्बला पुरते. म्हणजे हा साठा सुमारे दहा बॉम्बचा ठरतो.

अर्थात, युरेनियम हाती असणे म्हणजे अस्त्र हाती असणे नव्हे. त्याचा धातू बनवणे, स्फोटाची यंत्रणा उभारणे आणि ती क्षेपणास्त्राच्या टोकावर बसवणे, हे टप्पे उरतातच. इराणने अस्त्रनिर्मितीचे संघटित काम २००३ मध्ये थांबवले, असा निष्कर्ष अमेरिकेच्या गुप्तचर संस्थांनी २००७ मध्ये काढला होता. तो नजरेआड करण्याचे कारण नाही. पण ज्या देशाला केवळ वीज हवी आहे, त्याला साठ टक्क्यांचे काय काम, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर तेहरानने कधीही दिलेले नाही.

भारताला चालते, मग इराणला का नाही?

हा प्रश्न आपल्याकडील काही विचारवंत नेहमी विचारतात. त्याचे उत्तर स्वच्छ आहे. भारताने अण्वस्त्रप्रसारबंदी करार पक्षपाती म्हणून उघडपणे नाकारला. त्यावर स्वाक्षरी केली नाही, त्याचे लाभही घेतले नाहीत. १९७४ आणि १९९८ मध्ये पोखरणला स्फोट केले, ते जगाला सांगितले आणि निर्बंधांची किंमत मान ताठ ठेवून मोजली. इराणने मात्र १९६८ मध्येच या करारावर स्वाक्षरी केली आणि १९७० मध्ये त्याला मान्यता दिली. अण्वस्त्रे बनवणार नाही, असे वचन देऊन शांततापूर्ण तंत्रज्ञानाचा हक्क मागितला. तेहरानची संशोधन अणुभट्टी अमेरिकेने दिली, ती १९६७ मध्ये सुरू झाली. बुशहरच्या वीजकेंद्राचे काम १९७५ मध्ये जर्मन कंपनीने हाती घेतले.

१९७९ च्या क्रांतीनंतर चित्र पालटले. पाठोपाठ इराकशी आठ वर्षांचे युद्ध झाले. सद्दामने इराणी सैनिकांवर विषारी वायू सोडला आणि जगाने तेव्हा मौन पाळले. या जखमेतून इराणच्या मनात असुरक्षितता खोलवर रुजली, हे मान्य करायला हवे. तथापि त्यावर त्याने शोधलेला मार्ग चोरीचा होता. नतांझचे भूमिगत केंद्र आणि अराकचा प्रकल्प ऑगस्ट २००२ मध्ये इराणी विरोधकांनी उघडकीस आणला, तेव्हा जगाला कळले. फोर्दोचे केंद्र २००९ मध्ये पाश्चात्त्य नेत्यांनी जाहीर केले. वचन न देणारा आणि वचन देऊन पाठीमागे भुयार खणणारा, या दोघांना एका तागडीत तोलता येत नाही.

काहुताची छाया

या भुयाराचा नकाशा कोणी दिला? तो आला पाकिस्तानातून. हॉलंडमधून सेंट्रिफ्यूजचे आराखडे पळवणाऱ्या अब्दुल कादीर खान यांच्या जाळ्याने १९८७ च्या सुमारास इराणला पहिले आराखडे आणि सुटे भाग विकले. नतांझमध्ये फिरू लागलेली पहिली यंत्रे काहुताच्या जातकुळीची होती. याच जाळ्याने लिबिया आणि उत्तर कोरियालाही माल पुरवला. ऑक्टोबर २००३ मध्ये लिबियाकडे निघालेले जहाज पकडले गेले आणि बिंग फुटले. ४ फेब्रुवारी २००४ रोजी खान यांनी दूरचित्रवाणीवर कबुली दिली. दुसऱ्याच दिवशी मुशर्रफ यांनी त्यांना माफी दिली. परदेशी तपासयंत्रणांना त्यांची थेट चौकशी कधीही करू दिली गेली नाही. आणि त्याच वर्षी अमेरिकेने पाकिस्तानला ‘नाटोबाहेरील प्रमुख मित्र’ असा दर्जा बहाल केला! चोराला शिक्षा आणि चोरीचा माल विकणाऱ्याला मानाचे पान, हा न्याय जगाला महागात पडला आहे.

भारताच्या दृष्टीने इराणच्या बॉम्बचा खरा धोका येथेच आहे. इराण भारतावर अण्वस्त्र टाकेल, असे कोणी गंभीरपणे म्हणत नाही. परंतु इराणने बॉम्ब बनवला तर आपणही शक्य तितक्या लवकर तो मिळवू, असे सौदी अरेबियाचे युवराज मोहम्मद बिन सलमान यांनी मार्च २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितले. १७ सप्टेंबर २०२५ रोजी सौदी अरेबिया आणि पाकिस्तान यांच्यात परस्पर संरक्षण करार झाला. ही दोन वाक्ये शेजारी ठेवून वाचली की काळजीचे कारण उमगते. तेहरानमध्ये पडलेली ठिणगी काहुताच्या अस्त्रांना आखातात पाय ठेवण्याचे निमित्त देऊ शकते. ज्या समुद्रातून भारताचे तेल येते, ज्याच्या काठावरील अरब देशांत सुमारे नव्वद लाख भारतीय घाम गाळतात, त्या समुद्राभोवती अण्वस्त्रांची स्पर्धा लागणे हे भारतासाठी घरच्या अंगणातील संकट आहे. कोकणातील गावागावांतून आखातात गेलेल्या माणसांच्या घरच्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आजवरचे उपाय आणि त्यांचे धडे

पहिला उपाय बळाचा. ७ जून १९८१ रोजी इस्रायलने इराकची ओसिराक अणुभट्टी उद्ध्वस्त केली. धाडस अतुलनीय होते. परंतु त्यानंतर सद्दामचा कार्यक्रम संपला नाही, तो भूमिगत झाला. तो खऱ्या अर्थाने मोडला १९९१ च्या पराभवानंतर, निरीक्षकांनी कारखान्या-कारखान्यांत शिरून. इराणमध्येही स्टक्सनेट या संगणकीय विषाणूने नतांझची सुमारे एक हजार यंत्रे निकामी केली. शास्त्रज्ञ मारले गेले. नोव्हेंबर २०२० मध्ये मोहसिन फख्रिझादेह यांची हत्या झाली. प्रत्येक घावाने वेळ मिळाला, पण ज्ञान नष्ट झाले नाही.

दुसरा उपाय निर्बंधांचा. २००६ पासून सुरक्षा परिषदेचे ठराव होत गेले. २०१२ मध्ये युरोपने इराणी तेल बंद केले, इराणी बँका जागतिक व्यवहारातून तोडल्या गेल्या. इराणचे अर्थकारण खिळखिळे झाले आणि त्याला वाटाघाटींना बसावे लागले. मात्र याच काळात त्याची सेंट्रिफ्यूज यंत्रे सुमारे १९ हजारांवर गेली, हेही खरे.

तिसरा उपाय कराराचा. १४ जुलै २०१५ च्या करारानुसार समृद्धीकरणाची मर्यादा ३.६७ टक्के ठरली, साठा ३०० किलोंवर आणावा लागला, सुमारे ११ टन माल रशियाला रवाना झाला. चोवीस तास कॅमेरे आले. करारात उणिवा होत्या. मर्यादांना मुदत होती, क्षेपणास्त्रे मोकळी राहिली, हिजबुल्लासारख्या संघटनांना पोसण्याबाबत त्यात काहीच नव्हते. तरीही मोजदाद चालू होती. मे २०१८ मध्ये अमेरिका करारातून बाहेर पडली. २०१९ पासून इराणने एकेक मर्यादा ओलांडली आणि एप्रिल २०२१ मध्ये साठ टक्क्यांचा टप्पा गाठला. सप्टेंबर २०२५ अखेरीस ब्रिटन, फ्रान्स व जर्मनीच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांचे जुने निर्बंध पुन्हा लागू झाले.

या इतिहासाचा धडा एकच आहे. सामर्थ्याविना करार म्हणजे कागद, आणि निरीक्षणाविना सामर्थ्य म्हणजे अंधारात मारलेला दगड. पाहणारा डोळा आणि त्यामागे उगारलेला हात, दोन्ही एकत्र असतील तरच बॉम्ब रोखता येतो.

प्रतिकाराची दिशा

म्हणून पहिली मागणी हवी ती ४४० किलोंच्या हिशेबाची. निरीक्षकांना कोणत्याही जागी, अल्पसूचनेवर प्रवेश देणारा अतिरिक्त शिष्टाचार इराणने पुन्हा पाळला पाहिजे. दुसरे, विजेसाठी इंधन हवे असेल तर बुशहरचाच नमुना पुरेसा आहे. तेथे इंधन रशियातून येते आणि वापरलेले इंधन रशियाला परत जाते. तिसरे, मर्यादांना मुदत नको. चौथे, सुटे भाग, विशिष्ट पोलाद आणि पंप यांचा चोरटा व्यापार करणारी जाळी उखडून काढली पाहिजेत आणि त्यात इस्लामाबादला सूट नको. बळाचा वापर हा अखेरचा उपाय. पण तो उपलब्ध आहे, हे समोरच्याला ठाऊक असलेच पाहिजे.

भारताने या प्रश्नात आजवर आपल्या हिताने पावले टाकली आहेत. सप्टेंबर २००५ आणि फेब्रुवारी २००६ मध्ये अणुऊर्जा संस्थेत भारताने इराणविरुद्ध मत दिले, तेव्हा डाव्या पक्षांनी आकांडतांडव केले. वास्तविक शेजारी आणखी एक अण्वस्त्रधारी राष्ट्र नको, ही भूमिका राष्ट्रहिताचीच होती. त्याच वेळी इराणशी संबंध तोडणेही परवडणारे नव्हते. चाबहार बंदर हा पाकिस्तानला वळसा घालून अफगाणिस्तान व मध्य आशियात जाण्याचा मार्ग. मे २०२४ मध्ये त्याचा दहा वर्षांचा करार भारताने केला. अमेरिकी निर्बंधांमुळे २०१९ मध्ये इराणी तेल थांबवावे लागले आणि २०२५ मध्ये चाबहारच्या सवलतीवरही गदा आली. दुसऱ्यांच्या निर्णयाने आपले मार्ग बंद होतात, हा अनुभव स्वावलंबनाची निकड सांगून जातो.

विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर येथील भूमिगत तेलसाठ्यांची क्षमता ५३ लाख टनांच्या आसपास आहे. भारतासारख्या देशाच्या भुकेपुढे ती तोकडी आहे. ती वाढली पाहिजे. जून २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंधू’द्वारे इराण आणि इस्रायलमधून भारतीयांना सुखरूप आणले गेले. आखातातील नव्वद लाखांसाठी अशी योजना किती पटींनी मोठी लागेल, याचा विचार शांततेच्या काळातच व्हायला हवा. बुशहरची अणुभट्टी तेहरानपेक्षा कुवेतला अधिक जवळ आहे, हे या संदर्भात विसरून चालणार नाही.

शेवटी एक विवेक पाळला पाहिजे. इराणची सत्ता आणि इराणची जनता एक नव्हे. ज्या भूमीतून धर्मरक्षणासाठी निघालेले पारशी बांधव संजाणच्या किनाऱ्यावर उतरले आणि या देशात साखरेसारखे विरघळले, त्या भूमीशी भारताचे नाते कोणत्याही राजवटीहून जुने आहे. २०२२ मध्ये महसा अमिनी या तरुणीच्या मृत्यूनंतर इराणी स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, तेव्हा त्या प्राचीन समाजाचे धैर्य जगाने पाहिले. भारताचा विरोध बॉम्बला असावा, त्या समाजाला नव्हे. डोळे उघडे, मनगट बळकट आणि संवादाचे दार मोकळे ठेवणाऱ्या भारताचा शब्द तेहरानमध्येही ऐकला जाईल आणि वॉशिंग्टनमध्येही. तसे सामर्थ्य मिळवण्याचे काम मात्र याच देशात, येथल्याच माणसांनी करायचे आहे.