गळ, नदी आणि आमचे सोमवार
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



महोत्सव-समितीने आम्हांस बोलण्यासाठी वीस मिनिटे नेमून दिली आणि सोबत एक अटही घातली. अट अशी की, "फादर, प्रवचन नको, ते रविवारी असतेच. तुमच्या मासेमारीविषयी काहीतरी सांगा." ज्या मंडळींनी ही सूचना केली ती समोरच बसली आहेत व गालांतल्या गालांत हसत आहेत. सोमवारी सकाळी फटफटीला बांबूची काठी बांधून आम्ही नदीकडे निघालेले त्यांनी अनेकदा पाहिले आहे. सायंकाळी रिकाम्या पिशवीनिशी परत येताना तर त्याहूनही अधिक वेळा पाहिले आहे. तेव्हा लपविण्यासारखे काही उरलेले नाही.

धर्मगुरूने गळ टाकावा की नाही, असा प्रश्न एका वृद्ध बाईंनी आम्हांस सरळ विचारला होता. त्याचे उत्तर आम्हांस सेमिनरीतच मिळाले होते. धर्मविधी शिकविणारे आमचे गुरुजी मोठे कडक; पण एके दिवशी त्यांनी बाराव्या शतकातील ग्राशियन नामक संन्याशाने जमविलेल्या नियमसंग्रहातील एक मजेदार प्रकरण वाचून दाखविले. त्यात धर्मगुरूंस शिकारीची मनाई आहे. कारण शिकार म्हणजे कुत्री, घोडे, आरडाओरडा. मासे धरण्यास मात्र हरकत नाही. पवित्र शिकारी कोणी आढळत नाही, पवित्र कोळी मात्र आढळतात, असा त्या प्रकरणाचा आशय. १९१७ च्या धर्मविधिसंहितेच्या १३८ व्या कलमातही गाजावाजाच्या शिकारीवर बंदी होती. १९८३ च्या नव्या संहितेत शिकारीचा उल्लेखच उरला नाही. इंग्लंडातील आयझाक वॉल्टन या गृहस्थाने १६५३ साली गळाच्या मासेमारीवर जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यातही त्याने ह्या जुन्या नियमाचा आधार घेऊन आपल्या छंदाची तरफदारी केली आहे. तेव्हा आमची बाजू बळकट आहे. त्या बाईंचे मात्र समाधान झाले नाही. त्या म्हणाल्या, "नियम असेल; पण तुम्हांला मासे कुठे लागतात?"

असो. आता नदीविषयी. भीमाशंकराच्या डोंगरात उगम पावलेली भीमा येथे पंढरपुरास चंद्रकोरीसारखी वळते व म्हणून चंद्रभागा म्हणविते, हे आपणांस आम्ही सांगावयास नको. ह्या क्षेत्राच्या गावी आपण मूठभर ख्रिस्ती राहतो. लाखो लोक ज्या पाण्यात श्रद्धेने स्नान करितात त्या पाण्यात आम्ही गळ टाकावयाचा, तर काही मर्यादा आपण होऊनच पाळल्या पाहिजेत. वाळवंटात व घाटांच्या आसपास आम्ही कधी बसत नाही. वस्ती पुष्कळ मागे पडल्यावर नदीच्या वरच्या अंगाला एक जुनी बाभूळ आहे, तिच्याखाली आमची जागा. एकादशी सोमवारी आली तर काठी घराबाहेर निघत नाही. पहिल्या पावसानंतर मासे अंडी घालण्यास प्रवाहाच्या उलट चढतात, त्या दिवसांत, म्हणजे आषाढी वारीच्या सुमारास, गळ खुंटीलाच असतो. ह्यातले काहीही आम्हांस कोणी बजावलेले नाही; हा शेजारधर्म आहे.

नदीला पाणी असणे नसणे हे मात्र आता आभाळापेक्षा उजनीवर अवलंबून आहे. १९८० साली ते धरण पुरे झाले. त्याची एकंदर साठवण ११७ टीएमसीच्या घरात, आणि त्यातील निम्म्याहून अधिक तर मृतसाठाच. वारीपूर्वी स्नानासाठी पाणी सोडतात, सोलापूर शहराच्या पिण्यासाठी औज बंधाऱ्याकडे जाणारे पाणीही ह्याच पात्रातून जात आले आहे. त्यामुळे आमच्यासारख्यास पंचांगापेक्षा पाणी सोडण्याच्या वेळापत्रकाची चौकशी करावी लागते. सोडलेले पाणी गढूळ व वेगाचे असते; पहिले दोन दिवस मासा तोंड उघडत नाही. मग पाणी निवळू लागले की तिसऱ्या दिवशी डोहाच्या कडेला खरी मौज. तो तिसरा दिवस सोमवारी यावा, अशी व्यवस्था अद्याप कोणत्याही खात्याने केलेली नाही.

साहित्य म्हणाल तर थोडकेच. बांबूची काठी, दोरा, शिशाचा मणी, गळ, आणि तरंग्यासाठी ज्वारीच्या ताटाचा वाळलेला तुकडा. रीळ एका मित्राने भेट दिली होती. तिच्यात गुंता होऊन अर्धा दिवस गेला, तेव्हापासून ती कपाटात आहे. रोहूसाठी कणकेत शेंगदाण्याची पेंड मळून घ्यावी. शिंगटा व मरळ यांना गांडूळ अगर लहान मासळी. ह्या नावांची एक मौज सांगतो. कर्नल साइक्स नामक इंग्रज अधिकाऱ्याने शंभर-दोनशे वर्षांपूर्वी भीमा व तिला मिळणाऱ्या नद्यांतील मासे गोळा करून त्यांची वर्णने लिहिली. लंडनच्या प्राणिशास्त्र-मंडळाने ती १८४१ साली चित्रांसह छापिली. त्याने नव्या माशांना नावे देताना आपल्याकडच्या लोकांच्या तोंडची नावेच लॅटिनात बसविली. मळ्या, शिंगटी, कोळशी ही आपली गावरान नावे आजही जगभरचे शास्त्रज्ञ लिहितात. आम्ही सेमिनरीत नऊ वर्षे लॅटिनशी झगडलो. भीमेच्या माशांनी ते काम आमच्याआधीच करून ठेविले होते.

हल्ली मात्र गळाला बहुधा चिलापीच लागते. ही मूळची आफ्रिकेतली. १९५२ साली आपल्या देशात आणली गेली आणि आता उजनीपासून खालपर्यंत तिचेच राज्य. ती गळ गिळत नाही, आमिष कुरतडून नेते. समितीच्या बैठकीत मूळ विषयास तोंड न लावता भोवतालचे सगळे चघळून संपविणारे काही सभासद असतात, त्यांची आठवण होते. (नावे सांगत नाही, बैठक पुढच्या शुक्रवारी आहे.)

एकदा होडीवाल्या एका म्हाताऱ्या कोळ्याने आमच्याजवळ होडी थांबविली. आमची पिशवी पाहिली, काठी पाहिली, आणि म्हणाला, "महाराज, तुम्हांला नाही मिळाला तर तुम्ही घरी जाऊन जेवता. आम्हांला नाही मिळाला तर घरी विचारतात." एवढेच बोलून तो गेला. शुभवर्तमानातील कोळी त्याच्या जातीचे होते, आमच्या नव्हे. रात्रभर जाळी टाकून हाती काही न लागलेल्या संत पेत्राची ती पहाट आम्ही पूर्वी फार सहजपणे समजावून सांगत असू. त्या म्हाताऱ्याच्या भेटीनंतर तसे जमत नाही.

शुभवर्तमानात गळ एकदाच येतो. कफर्णहूमास मंदिराच्या कराची मागणी झाली तेव्हा प्रभूने पेत्राला समुद्रावर गळ टाकण्यास सांगितले. पहिल्याच माशाच्या तोंडी नाणे सापडेल व त्यात दोघांचा कर भागेल, असे त्यास सांगितले. ही हकीकत चौघांपैकी एकट्या संत मत्तयाने दिली आहे, आणि तो स्वतः जकातनाक्यावरचा माणूस! कर भरण्याचे काम एवढ्या सुलभपणे उरकलेले त्याने आपल्या साऱ्या नोकरीत पाहिले नसेल, म्हणूनच त्याने ते लिहून ठेविले असावे, असा आमचा तर्क आहे. तर्कच, धर्मशिकवण नव्हे.

कराचा व कचेरीचा विषय निघालाच आहे, तर ज्या गोष्टीसाठी आम्ही हे भाषण स्वीकारले ती सांगतो. महोत्सवाच्या तयारीत आपल्या स्मशानभूमीच्या कुंपणाचे काम निघाले, तेव्हा तिच्या उताऱ्यावरील नोंदीत एक जुनी चूक आढळली. ती दुरुस्त करण्यासाठी आम्ही एका कचेरीत किती खेटे घातले ते मोजणे पुढे सोडून दिले. कधी साहेब बैठकीला गेलेले, कधी कारकून रजेवर, कधी आणखी एक छायाप्रत कमी. बाकावर बसून आम्ही मनातल्या मनात फार कठोर भाषणे केली. आमचा दिवस कोणी असा फुकट घालवावा, ह्याचा संताप येई. संताप आला की पुढच्या सोमवारची वाट पाहावयाची. नदीवरही बसूनच राहावे लागते, पण तेथे आपण आपल्या खुशीने बसलेलो असतो. तरंग्याला कोणी 'उद्या या' म्हणावयास शिकविलेले नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. रोहिणी नक्षत्र संपत आले होते, पाऊस नव्हता, नदी जागोजागी तुटलेली. बाभळीखालच्या डोहात तेवढे पाणी. आदल्या शुक्रवारी कचेरीत फार मनस्ताप झाला होता. त्या सोमवारी कोणाचेही तोंड पाहावयाचे नाही, असे ठरवून आम्ही मोबाईल मेजाच्या खणात टाकिला, कार्यालयास कुलूप लाविले, किल्ली खिशात घातली आणि कोठे जातो हे कोणालाही न सांगता निघालो. दिवस मोठा सुंदर गेला. दोन रोहू मिळाले. आयुष्यात प्रथमच आम्ही परतताना पिशवी दिसेल अशी बांधिली.

सायंकाळी सहाच्या सुमारास येऊन पाहतो तो ओसरीवर आपल्याच धर्मग्रामातील एक गृहस्थ बसलेले. गवंड्याच्या हाताखाली काम करितात. वस्ती येथून वीसेक किलोमीटर. मुलाला तंत्रशिक्षणाच्या एका संस्थेत प्रवेश मिळावयाचा होता, त्यासाठी बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता, आणि मुदत त्याच दिवशी चार वाजेपर्यंत होती. ते सकाळी नऊला आले होते. स्वयंपाकाच्या मावशींनी त्यांना चहा व भाकरी दिली. पण फादर कोठे गेले हे त्यांनाही ठाऊक नव्हते. त्यांनी तीनदा फोन लाविला. तिन्ही वेळा तो आमच्या बंद खोलीत वाजलेला त्यांना खिडकीतून ऐकू आला. आम्ही आतच आहोत, बरे वाटत नसेल म्हणून निजलो असू, असे समजून त्यांनी दारदेखील वाजविले नाही.

आम्हांस पाहताच ते उठून उभे राहिले. पिशवीकडे पाहून म्हणाले, "फादर, आज लागला वाटतं मासा?"

त्या शब्दांत टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते. त्यांनी रोजगार बुडविला होता, मुदत टळली होती, आणि तरी त्यांस रागवण्यासारखे काही घडले आहे असे वाटतच नव्हते. वाट पाहणे हे त्यांच्या आयुष्यात इतके नित्याचे होते. कचेरीच्या बाकावर आम्ही जी कठोर भाषणे मनात रचिली होती, त्यांतील एकही वाक्य त्यांच्यापाशी नव्हते. ती सारी आमच्यापाशीच होती, आणि आता ती कोणाला उद्देशून होती हे आम्हांस कळत होते.

आम्ही नोंदवही काढिली. पान सापडण्यास, दाखला लिहिण्यास, सही व शिक्का करण्यास सारी मिळून सहा मिनिटे लागली. घड्याळ पाहिले म्हणून सांगतो. तशीच फटफटी काढून त्यांना मागे बसवून संस्थेत गेलो, फाटक बंद. दुसऱ्या सकाळी पुन्हा गेलो. तेथील गृहस्थांनी आम्हांस खुर्ची दिली, आमचे सर्व ऐकून घेतले व नियम दाखविला. नियम बरोबर होता. त्या मुलाने ते वर्ष एका बेदाण्याच्या शेडवर काम करून काढिले.

ते दोन्ही मासे आम्ही त्या सायंकाळी त्यांच्यापुढे केले होते. त्यांनी एकच घेतला. "एक तुम्हांला राहू द्या, फादर," म्हणाले. आमच्या वाटणीचा मावशींनी उत्तम शिजविला होता, असे त्या सांगतात.

पुढच्या वर्षी मुलाला प्रवेश मिळाला. आता तो दुसऱ्या वर्षात आहे. कार्यालयाची एक किल्ली मावशींकडे असते. दाराशी पाटी टांगलेली आपण पाहिलीच असेल: 'नदीवर, बाभळीखाली. फोन जवळ आहे.' फोन जवळ असल्याने मासे कमी लागतात, ही तक्रार आम्ही समितीपुढे मांडणार नाही. उलट एक जण पाटी वाचून दाखल्यासाठी थेट बाभळीपर्यंत चालत आला. तेव्हापासून आम्ही दुपारी बारानंतरच जातो.

तो मुलगा सुटीत कधी कधी आमच्याबरोबर येतो. बेदाण्याच्या शेडवर त्याचे हात स्थिर झाले असावेत. आमच्याहून त्याला चांगले जमते. मागच्या सोमवारी आम्ही दोघे बसलो होतो. पाणी निवळलेले, तिसरा दिवस, सगळा योग जुळून आलेला. आमचा तरंगा एकदा डुलला, दुसऱ्यांदा आडवा झाला आणि सरळ खाली गेला. आणि त्याच क्षणी खिशातला फोन वाजू लागला. आम्ही काठी त्याच्या हाती दिली व फोन घेतला. फोन त्या कचेरीतून होता. कुंपणाच्या प्रकरणाचा कागद तयार आहे, उद्या येऊन घेऊन जावा. मात्र येताना आणखी एक छायाप्रत आणावी.

मासा त्याने काढिला. शिंगटा होता, दीडेक किलोचा.