नाव, चिन्ह आणि पाठीराखा
(मारतहळ्ळी, बंगळुरू येथे दिलेल्या भाषणाची संहिता)



मी फुटबॉलचा खेळाडू नाही, कोणत्याही क्लबचा पदाधिकारीही नाही. मैदानाभोवतीच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या असंख्य लोकांपैकी मी एक आहे. त्यामुळे डावपेचांविषयी अधिकाराने काही सांगावे, अशी माझी योग्यता नाही. परंतु एक प्रश्न असा आहे की, तो खेळाडूपेक्षाही प्रेक्षकाला अधिक जवळचा आहे. खेळाडू क्लब बदलतो, प्रशिक्षक बदलतो, मालकही बदलतो. पाठीराखा तेवढा तेथेच राहतो. अशा वेळी क्लबचे नाव आणि बोधचिन्ह बदलले, तर त्या पाठीराख्याचे नेमके काय जाते, हा तो प्रश्न होय.

आरंभ या परिसरापासूनच करू. येथून पश्चिमेस, जुन्या विमानतळालगत, विमाने बांधणारी जी विस्तीर्ण कंपनी आहे, तिचा पाया सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने १९४० साली घातला. त्या वेळी तिचे नाव हिंदुस्थान एअरक्राफ्ट होते. १९६४ साली दुसऱ्या एका सरकारी कंपनीशी विलीनीकरण होऊन ती हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाली. नाव बदलले, तथापि आद्याक्षरे तीच राहिली, आणि लोकांच्या तोंडी 'एचएएल' हाच शब्द कायम राहिला. याच नावाने कंपनीचा फुटबॉल संघ खेळत आला. २०१०-११ आणि २०११-१२ या दोन मोसमांत तो देशाच्या सर्वोच्च साखळी स्पर्धेतही होता. या उदाहरणाचे तात्पर्य साधे आहे. कागदावरील नावापेक्षा हाक मारण्याचे नाव महत्त्वाचे असते, आणि त्याला धक्का न लावणारा बदल कोणालाही दुखवीत नाही.

दुसरे उदाहरण त्याहून सुखद आहे. २०१३ साली जेएसडब्ल्यू या मुंबईच्या उद्योगसमूहाने या शहरात नवा क्लब स्थापन केला. त्याला समूहाचे नाव न देता शहराचे नाव देण्यात आले, आणि तेही 'बंगळुरू' असे. इंग्रजीतील 'बँगलोर' हे अधिकृत नाव बदलून 'बंगळुरू' झाले ते १ नोव्हेंबर २०१४ रोजी. म्हणजे या शहराचे येथील लोकांच्या तोंडचे नाव क्लबने सरकारी अंमलबजावणीच्या आधीच स्वीकारले होते. पहिल्याच मोसमात क्लबने राष्ट्रीय साखळी जिंकली, आणि कंठीरव मैदानाच्या पश्चिमेकडील सज्जात एक नवी परंपरा उभी राहिली. या शहरात पुण्याहून, कोल्हापूरहून, केरळातून, बंगालमधून आलेल्या माणसालाही ते नाव उच्चारताना आपण येथले झालो, असे वाटू लागते. नावाचे सामर्थ्य ते हेच.

आता कलकत्त्याकडे वळू. मोहन बागान हा क्लब १८८९ साली स्थापन झाला. २९ जुलै १९११ रोजी त्याने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा पराभव करून आय. एफ. ए. ढाल जिंकली, तेव्हा त्याचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत होते. वंगभंगाच्या आंदोलनातून नुकत्याच गेलेल्या बंगालमध्ये त्या विजयाचा अर्थ मैदानापुरता राहिला नाही. हिरवा आणि तांबूस तपकिरी हे रंग, आणि शिडाची होडी हे चिन्ह, आजोबांनी नातवाला दिलेला वारसा ठरले.

१९९८ साली बंगळूरच्याच एका मद्य-उद्योगसमूहाने या क्लबशी आणि त्याचा प्रतिस्पर्धी ईस्ट बंगालशी करार केला, आणि दोन्ही नावांच्या आधी मद्याची नावे लागली. लोकांनी ती छापील जाहिरातीत वाचली. घोषणांत मात्र जुनीच नावे राहिली. २०२० साली प्रकरण अधिक गंभीर झाले. एटीके या केवळ सहा वर्षांच्या क्लबशी मोहन बागानच्या फुटबॉल विभागाचे विलीनीकरण झाले आणि नव्या संघाचे नाव 'एटीके मोहन बागान' ठरले. होडी राहिली, रंग राहिले. पण होडीसोबत तीन परकी अक्षरे आली. वरवर पाहणाऱ्याला ही क्षुल्लक भर वाटेल. परंतु ज्या संघाला तो पाठीराखा काल-परवापर्यंत विरोध करीत होता, त्याचे नाव त्याच्या स्वतःच्या नावाच्या आधी आले होते. ती अक्षरे काढून टाका, ही मागणी पाठीराख्यांनी तीन वर्षे लावून धरली.

१८ मार्च २०२३ रोजी गोव्यात फातोर्डा येथे अंतिम सामना झाला. प्रतिस्पर्धी आपला बंगळुरू क्लबच होता. सामना २-२ असा बरोबरीत सुटला आणि पेनल्टी फटक्यांवर आपण ४-३ असे हरलो. त्याच रात्री विजेत्या संघाच्या मालकांनी 'एटीके' ही अक्षरे काढून टाकण्याची घोषणा केली. त्याऐवजी नावाच्या शेवटी 'सुपर जायंट' हे शब्द आले, आणि तेही मालकांच्या क्रिकेट संघाच्या नावाशी जुळणारे आहेत. मालकाचा शिक्का नाहीसा झाला नाही. तो पुढून मागे गेला. तरीही तिकडच्या लोकांना आनंद झाला, आणि तो मला समजू शकतो. त्यांच्या मते हाक पुन्हा 'मोहन बागान' या शब्दांनीच सुरू होणार होती.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. पैसा लावणारा नसेल तर नाव घेऊन काय करायचे? मुंबईच्या महिंद्र युनायटेडचे उदाहरण आपल्यासमोर आहे. १९६२ साली कंपनीचा संघ म्हणून सुरू झालेल्या या क्लबने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय साखळी जिंकली, आणि २०१० साली कंपनीने तो बंद केला. पुण्याच्या एफसी पुणे सिटीची कथा निराळी आहे. २०१४ साली जन्मलेला हा क्लब आर्थिक अडचणींमुळे २०१९ साली संपला. स्पर्धेतील त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबला मिळाली. त्या हैदराबादने २०२२ साली विजेतेपदही पटकावले. हिशेबाच्या वहीत जागा जिवंत राहिली. परंतु बालेवाडीच्या मैदानावर जाणाऱ्या पुणेकराने त्या विजयाबद्दल पेढे कोणत्या नात्याने वाटावेत? आक्षेप घेणारे म्हणतात ते खरे: पैशावाचून क्लब जगत नाही. पण नाव, गाव आणि चिन्ह गेल्यावर जे जगते, ते क्लब नव्हे, परवाना होय.

हे केवळ आपल्या देशातील दुःख नाही. वेल्समधील कार्डिफ क्लबच्या मालकाने २०१२ साली निळा गणवेश लाल केला आणि चिन्हातील निळ्या पक्ष्याला दुय्यम स्थान देऊन ड्रॅगन पुढे आणला. पुढच्याच वर्षी क्लब सर्वोच्च श्रेणीत गेला, तरी लोकांचा राग शमला नाही. जानेवारी २०१५ मध्ये निळा रंग परत आला. ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग येथे २००५ साली एका पेय-कंपनीने क्लब घेऊन नाव, चिन्ह आणि जांभळा रंग, सर्वच बदलले. तेव्हा पाठीराख्यांपैकी काहींनी जुन्या नावाने व रंगाने नवा क्लब काढला आणि तळाच्या श्रेणीपासून आरंभ केला. विजय त्यांना विकत मिळत होता. त्यांनी तो नाकारला, यावरून पाठीराखा विजयासाठीच येतो, ही समजूत किती अपुरी आहे हे दिसते.

मग कोणताही बदल होऊच नये काय? असे माझे म्हणणे नाही. कारखान्याचे नाव बदलते, शहराचे बदलते, तसे क्लबचेही बदलू शकेल. प्रश्न संमतीचा आहे. जर्मनीत काही अपवाद वगळता क्लबमधील बहुसंख्य मते सभासदांच्या हाती ठेवणारा नियम आहे. ब्रिटिश संसदेने २०२५ साली संमत केलेल्या फुटबॉलविषयक कायद्यानुसार चिन्ह किंवा गणवेशाचे मुख्य रंग बदलण्यापूर्वी बहुसंख्य पाठीराख्यांचा पाठिंबा असल्याची खात्री क्लबला करून घ्यावी लागते. असा नियम आपल्याकडे अशक्य आहे, असे मानण्याचे कारण मला दिसत नाही.

मालक संघ विकत घेतो, खेळाडूंचे वेतन देतो, तोटाही सोसतो; त्याबद्दल त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु नाव आणि चिन्ह यांचे मोल त्याने निर्माण केलेले नसते. ते पिढ्यान्‌पिढ्या पावसात उभे राहून, पराभवानंतर पुन्हा मैदानावर येऊन, मुलाबाळांना गोष्टी सांगून लोकांनी निर्माण केलेले असते. घराण्याची ठेव सांभाळणाऱ्याला ती खर्च करण्याचा अधिकार नसतो. मालकाने ती ठेव जपावी आणि तिला हात लावायचा असेल तर आधी आम्हाला विचारावे, एवढीच पाठीराख्याची मागणी आहे. ती आपण, या शहरातील पाठीराख्यांनी, आपल्या नावावर पाळी येण्यापूर्वीच केली पाहिजे.