मालवणच्या पाण्यांत एक दिवस

समुद्रकांठीं सुटी घालविणारे आपण बहुतेक जण लाटा पाहून परततों. मालवणास मात्र दोन-चार हात खालचा समुद्रहि पाहतां येतो आणि त्यासाठीं पाणबुड्याची विद्या लागत नाहीं. डोळे व नाक झांकणारी कांच आणि तोंडांत धरावयाची नळी, म्हणजे स्नॉर्केल, एवढें साहित्य पुरतें. अंगांत तरंगविणारें जाकीट असावें आणि सोबत जाणता वाटाड्या.

कांचेमुळें डोळ्यांपुढें हवेचा थर राहतो, म्हणून पाण्यांत स्पष्ट दिसतें. वस्तु मात्र सुमारें एक-तृतीयांश मोठ्या भासतात. घरीं माशाची लांबी सांगतांना तेवढी वजावट करावी! नळी लांब केल्यास अधिक खोल जातां येईल, असें कोणास वाटेल. परंतु हातभर खोलीवरच पाण्याचा दाब छातीवर पडून श्वास जड होतो. म्हणून नळी आंखूड असते.

पावसाळ्यांत हा उद्योग बंद असतो. हिंवाळ्यांतील, वारा उठण्यापूर्वींची सकाळ उत्तम. होडी सिंधुदुर्गाच्या परिसरांत जाते. या किल्ल्याची उभारणी शिवाजी महाराजांनीं १६६४ सालीं आरंभिली. तट माणसांनीं रचला. पाण्याखालचें पोवळ्यांचें बांधकाम इवल्या जीवांचें आहे. त्यांच्या शरीरांतील सूक्ष्म शैवाल त्यांस अन्न पुरवितें. पाणी फार तापलें कीं शैवाल निघून जातें, पोवळें पांढरें पडतें आणि ताप लांबल्यास मरतें. कित्येक जाति वर्षाकांठीं जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. दमून क्षणभर आपण जेथें पाय टेकूं, तें अर्ध्या शतकाचें काम असूं शकेल.

येथें १९८७ सालीं २९.१२ चौरस किलोमीटरांचें सागरी अभयारण्य जाहीर झालें. पण पाण्याखालीं पहारा कोण करणार? तेव्हां आपणच पाय आवरावा, माशांस पाव टाकूं नये आणि नांगर वाळूंत टाकण्याविषयीं तांडेलास विनवावें. हातपाय झाडणें थांबलें, श्वास संथ झाला, कीं पिवळे-काळे पट्ट्यांचे मासे आपण होऊन जवळ येतात. निश्चल राहणें हीच येथली विश्रांति आणि हीच पाहण्याची युक्ति.

दुपारीं माशाचें कालवण, भात व सोलकढी झाल्यावर सावलींत खुशाल पडावें. संध्याकाळीं रापण ओढली जात असेल तर अवश्य पाहावी. होडीनें अर्धवर्तुळांत टाकलेलें जाळें दोन्ही टोकांनीं माणसें किनाऱ्यावर ओढतात आणि मिळकत वांटून घेतात. आपल्या सुटीचा समुद्र हें त्यांचें शेत आहे. पाहुण्यानें तें डोळे भरून पाहावें, तुडवूं मात्र नये.