ऐकण्याची उमेदवारी



महाविद्यालयीन मुलांच्या मनाचे दुखणे ऐकणारा समुपदेशक कसा घडवावा, हा आजचा विषय. त्यासाठी पदवीधर वक्ता सोडून चालकांनी कामगार चळवळीतला माणूस उभा केला, याचे आपल्याइतकेच आम्हालाही नवल वाटले. आमचे शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे सारे वाचनालयात आणि कारखान्यांच्या फाटकावर झाले. पण तीस वर्षे माणसांची गाऱ्हाणी ऐकता ऐकता एवढे कळले, की ऐकणे हे कसब आहे. नुसत्या सज्जनपणाने ते येत नाही.

एक प्रसंग सांगतो. आमच्या एका सभासदाचा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता. दोन विषय राहिलेले, फीसाठी बापाने पतपेढीचे कर्ज काढलेले. मुलगा खोलीबाहेर पडेना. महाविद्यालयात समुपदेशन कक्ष आहे हे ऐकून आम्हीच त्याला तेथे पाठविले. तेथे एक प्राध्यापक बसत. माणूस चांगला, पण तयारी म्हणाल तर दोन दिवसांचे शिबिर. मुलाने धीर करून मन मोकळे केले. प्राध्यापकांनी "बापाच्या कष्टांकडे बघ" असा उपदेश केला आणि काळजीपोटीच सारी हकीगत वर्गशिक्षकांच्या कानावर घातली. आठ दिवसांत ती वसतिगृहात पोचली. मुलाचे वर्ष गेले. आज तो सावरला आहे, पण त्या वेळी तो आम्हाला म्हणाला, "काका, सांगितलं हीच चूक झाली." ते वाक्य अजून टोचते, कारण 'जा, सांग' असे म्हणणारे आम्हीच होतो.

हा एका घराचा प्रश्न नाही. सरकारी नोंदीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. म्हणजे खुर्ची मांडली गेली. तिच्यावर बसणारा कोठून येणार, हा खरा प्रश्न आहे.

आमच्या कारखान्यात नवख्या पोराला कोणी लेथवर एकटे सोडत नाही. आयटीआयमध्ये टर्नरचे शिक्षण दोन वर्षांचे, आणि पुढे उस्तादाच्या नजरेखाली उमेदवारी. लोखंड बिघडले तर वितळवून पुन्हा ओतता येते. माणसाच्या मनाला तशी भट्टी नाही. मग तेथे दोन दिवस कसे पुरतील?

अमेरिकेत समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना मान्यता देणारी एक संस्था १९८१ पासून काम करते. तिच्या नियमांत महाविद्यालयीन समुपदेशन ही वेगळी शाखाच आहे. पुस्तकी अभ्यासाखेरीज उमेदवाराने आधी किमान १०० तास सराव करायचा, त्यांतले ४० प्रत्यक्ष माणसांसमोर. मग किमान ६०० तासांची उमेदवारी, त्यांतले २४० प्रत्यक्ष माणसांसमोर. आणि या साऱ्या काळात दर आठवड्याला जाणत्या मार्गदर्शकापुढे बसून आपल्या कामाचा हिशेब द्यायचा. तेथील कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने ओहायो राज्य विद्यापीठात शिकवीत असताना समुपदेशनाच्या बैठका ध्वनिमुद्रित केल्या, आणि १९४२ च्या आपल्या ग्रंथात एका माणसाशी झालेला सगळा संवाद शब्दशः छापला. आपण कोठे उगाच बोललो, कोठे समोरच्याचे वाक्य तोडले, हे आपलाच आवाज परत ऐकल्यावाचून कळत नाही.

या उमेदवारीत शिकायचे काय? गप्प राहायला शिकायचे. उपदेशाची घाई आवरायची. गुप्तता कोठवर पाळली जाईल आणि जिवाला धोका दिसला तर कोणाला सांगावे लागेल, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट करायचे. "मरणाचे विचार येतात का?" असे सरळ विचारायचे, विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. आणि आपली धाव कोठे संपते व मनोविकारतज्ज्ञाचे काम कोठे सुरू होते, हे ओळखायचे.

आपल्याकडे २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राचे दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रम जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून बंद केले. बातमी वाचून आम्हाला प्रथम वाईट वाटले. पाळी संपल्यावर रात्री घरी बसून शिकणाऱ्यांचीच आमची जात! पण विचारांती पटले. पुस्तक एकट्याने वाचता येते; ऐकण्यातली चूक दाखवायला दुसरा माणूस जवळ लागतो. आम्ही वाचून पुष्कळ शिकलो, तरी त्या मुलाला कोठे पाठवावे हे काही आम्हाला कळले नाही.

मात्र दोन गोष्टी बजावून सांगतो. पहिली भाषेची. या विद्येची पुस्तके बहुतेक इंग्रजीत आहेत. आपला मुलगा म्हणतो, "जीव घाबरा होतो", "कशात मन लागत नाही", "घरच्यांना नुसतं ओझं झालोय". या शेवटच्या वाक्यापाशी शिकलेला कान थबकतो, न शिकलेला पुढे जातो. तेव्हा उमेदवारी मराठीतून आणि गावच्या महाविद्यालयांतही झाली पाहिजे.

दुसरी पोटाची. १९६१ च्या कायद्याने कारखान्यातल्या शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन आहे. समुपदेशन शिकणाऱ्यालाही ते हवे; नाहीतर फक्त खात्यापित्या घरची मुले या व्यवसायात येतील आणि कामगाराच्या पोराला त्यांच्याशी बोलताना संकोच वाटेल. तासावर नेमलेला, सहा महिन्यांनी बदलणारा समुपदेशकही कामाचा नाही. ज्याची स्वतःचीच भाकरी डळमळीत, त्याच्यापुढे मन कोण ठेवील?

तेव्हा आपल्यापैकी ज्यांची मुले महाविद्यालयात आहेत त्यांनी संस्थेत जाऊन तीन प्रश्न विचारावेत. समुपदेशक कोणाच्या हाताखाली शिकला? आजही त्याचे काम कोण तपासतो? मुलाने सांगितलेले कोठवर जाते? आणि तोवर कोणाच्या घरी अशी वेळ आलीच, तर १४४१६ हा सरकारी टेलिमानस सेवेचा क्रमांक लक्षात ठेवावा. तेथे मराठीतूनही बोलता येते.

कोणत्याही मुलाला 'सांगितलं हीच चूक झाली' असे पुन्हा म्हणावे लागू नये, एवढेच आमचे मागणे आहे.